ऋणनिर्देशाचे पान : मराठी संशोधन आणि संशोधकाचे घर

मराठी विषयात सादर होणाऱ्या प्रबंधांतील सर्वांत कमी वाचले जाणारे पान ऋणनिर्देशाचे असते. परीक्षक ते ओलांडून थेट प्रस्तावनेकडे वळतात, मौखिक परीक्षेत त्यावर प्रश्न विचारला जात नाही आणि प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध होतो तेव्हा ते मनोगतात विरघळून जाते. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र हे पान एक संहिता म्हणून वाचावयास हरकत नाही. या संहितेला ठरलेला क्रम आहे. आरंभी मार्गदर्शक, त्यानंतर विभागप्रमुख, प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, मग ग्रंथपाल, सहकारी, स्नेही, अक्षरजुळणी करणारे, बांधणी करणारे. आणि बहुधा अखेरच्या परिच्छेदात घर. पुरुष संशोधक पत्नीने घराची सर्व जबाबदारी सांभाळली याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो आणि मुलांच्या वाट्याचा वेळ घेतल्याची खंत नोंदवतो. स्त्री संशोधकाच्या पानावर वेगळी क्रियापदे येतात : सासूसासऱ्यांनी परवानगी दिली, पतीने प्रोत्साहन दिले, कोणी आडकाठी केली नाही. एका ठिकाणी आभार केलेल्या कामाबद्दल आहेत, दुसऱ्या ठिकाणी न आणलेल्या अडथळ्याबद्दल. दोन्ही प्रबंध एकाच विद्यापीठाचे, एकाच नियमाखालचे, कित्येकदा एकाच मार्गदर्शकाकडचे असतात.

संशोधन आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न विभागांतून बहुधा उपदेशाच्या स्वरूपात हाताळला जातो. पहाटे उठावे, दिवसाचे वेळापत्रक करावे, लग्नकार्ये टाळावीत, घरच्यांना विश्वासात घ्यावे. हा उपदेश चुकीचा नाही. पण तो प्रश्नाला संशोधकाच्या अंगच्या टापटिपीचा प्रश्न करून टाकतो. घरात मिळणारा वेळ कोणाच्या तरी वेळातून काढलेला असतो, आणि तो किती, कसा व कोणत्या तुकड्यांत मिळतो यावर संशोधकाचे स्वास्थ्यच काय, प्रबंधाचा विषय, त्याचा आराखडा आणि त्याची पद्धतही ठरत असते. मराठी संशोधनाच्या दर्जाविषयी गेली कित्येक वर्षे जी चर्चा चालते तीत या बाजूचा विचार जवळजवळ होतच नाही.

याला एक कारण संशोधनाविषयी बोलताना वापरल्या जाणाऱ्या शब्दांत आहे. ज्ञानसाधना, तपश्चर्या, व्रत, यज्ञ, ध्यास हे शब्द गौरवसमारंभात सहज उच्चारले जातात. हे सर्व शब्द परमार्थाच्या क्षेत्रातून आलेले आहेत आणि त्यांच्यामागे प्रपंच व परमार्थ यांच्या विरोधाची फार जुनी परंपरा उभी आहे. तपस्व्याला घर नसते. असलेच तर ते त्याने मागे टाकलेले असते. हे रूपक संशोधकाला लावले की त्याचे घर आपोआप दृष्टीआड होते. मराठीतील संशोधकाची आदर्श प्रतिमाही याच साच्यातील आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना तरुणपणीच पत्नीवियोग झाला, त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, आणि दप्तरे शोधीत त्यांनी जी पायपीट केली तिच्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड उभे राहिले. या कार्यापुढे मान लवते यात शंका नाही. परंतु आठवड्याला सोळा तास वर्गात शिकवणाऱ्या, दोन मुलांच्या आणि वृद्ध आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या प्राध्यापकापुढे ही प्रतिमा आदर्श म्हणून ठेवण्यात काही अर्थ आहे का, हे तपासून पाहावयास हवे.

राजवाड्यांच्या प्रतिमेशेजारी ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकरांचे घर ठेवले तर चित्र पुष्कळ बदलते. केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून 1911 साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्यांचा विवाह 1920 साली एडिथ कोहन या ज्यू स्त्रीशी झाला. त्या पुढे शीलवतीबाई केतकर म्हणून ओळखल्या गेल्या. ज्ञानकोशाच्या धडाडीबद्दल मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्या धडाडीचा खर्च घरात कसा भागवला जात होता हे मात्र शीलवतीबाईंच्या ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या आठवणींतून कळते. ग्रंथाच्या नावातील ‘मीच’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. चरित्रकारांच्या नजरेतून निसटणारी ही बाजू सांगणारे दुसरे कोणी नव्हते, असा त्याचा ध्वनी आहे. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचा जो इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने 1927 पासून प्रसिद्ध केला आणि जो पुढे संस्कृतच्या अभ्यासकांच्या पिढ्यांनी वापरला, त्याचा पहिला खंड शीलवतीबाईंच्या हातचा आहे. मुखपृष्ठावर ‘मिसेस एस. केतकर’ एवढेच नाव आहे. म्हणजे या घरात विद्येचे काम करणारी माणसे दोन होती. ज्ञानसाधनेचे रूपक मात्र एकालाच लागले.

याउलट उदाहरण इरावती कर्वे यांचे. त्या विवाहानंतर, 1928 साली, संशोधनासाठी बर्लिनला गेल्या आणि तेथील विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन परतल्या. स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या धोंडो केशव कर्वे यांचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा, या परदेशगमनाला विरोध होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांनी नोंदवली आहे. पती दिनकर धोंडो कर्वे यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात पीएच.डी. केली होती, तेव्हा त्या कामाला काय लागते याची त्यांना कल्पना होती. पुढेही इरावतीबाईंच्या क्षेत्रकार्याच्या भटकंतीला घरातून आधार मिळत राहिला. या उदाहरणावरून ‘उदारमतवादी पती मिळाला म्हणून’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. अधिक उपयोगी निष्कर्ष असा की संशोधनाचे काम काय असते हे घरातील दुसऱ्या माणसाला माहीत असणे, हा वेळेइतकाच महत्त्वाचा घटक आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या संशोधकाच्या घरात हे माहीत असण्याची शक्यता फारच थोडी. पुस्तक उघडून बसलेला माणूस तेथे रिकामा समजला जातो. टिपणे काढण्याच्या कामाला निदान काम म्हणता येते. नुसता विचार करीत बसण्याला तेही म्हणता येत नाही. मूल रडले तर पुस्तकातून मान वर कोणी करावयाची, हे अशा घरात न बोलता ठरलेले असते.

आता सद्यःस्थितीकडे वळावे. पीएच.डी. ही पदवी विद्येच्या ओढीने घ्यावी की नोकरीच्या गरजेने, हा वाद आता अप्रस्तुत झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी सहयोगी प्राध्यापकपदावरील बढतीसाठी ती आवश्यक केली. सहायक प्राध्यापकपदासाठी 1 जुलै 2023 पासून नेट किंवा सेट हीच किमान अर्हता मानण्यात आली असली, तरी निवडीच्या गुणांकनात पदवीचे वजन राहिलेच आहे. परिणामी नोंदणी करणारांत तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिला, अधिछात्रवृत्तीवर काम करणारा पूर्णवेळ विद्यार्थी. दुसरा, तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकवणारा. आणि तिसरा, कायम नोकरीत असलेला, चाळिशीकडे झुकलेला किंवा ती ओलांडलेला प्राध्यापक. तिघांचेही घर वेगळे असते.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला घराची चिंता नसावी अशी एक समजूत आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे ज्या घरांतून पूर्वी कोणी पदव्युत्तर वर्गापर्यंतही पोचत नव्हते, त्या घरांतील मुलेमुली आज प्रबंध लिहीत आहेत. मराठी संशोधनाच्या दृष्टीने गेल्या दोन-तीन दशकांतील ही सर्वांत मोलाची घटना होय. परंतु कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात महिन्याला येणारी ही एकमेव निश्चित रक्कम असते आणि ती लगेच घराची होते. तिच्यातून धाकट्या भावाची फी जाते, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटते, आईचे औषधपाणी होते. रक्कम वेळेवर आली नाही, आणि ती अनेकदा येत नाही, तर संशोधक मजुरीला किंवा शिकवण्यांना जुंपला जातो. अधिछात्रवृत्ती आहे तोवर प्रबंध संपवण्याची घाई नसणे हा आळस आहे असे काही मार्गदर्शक मानतात. ती संपली की घरात काय संपते, हे त्यांनी एकदा पाहावयास हवे. या विद्यार्थ्याचे लग्नही पदवीनंतर, आणि नोकरीनंतर, असे पुढे ढकलले जात असते; खेड्यापाड्यांत पस्तिशीला आलेला अविवाहित संशोधक हा आता चेष्टेचाही विषय उरलेला नाही, इतका तो परिचित झाला आहे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याची अवस्था थोडक्यात सांगता येते. त्याला सुट्टीत वेळ असतो, पण सुट्टीत वेतन नसते.

कायम नोकरीतील प्राध्यापकाला पूर्वी एक सोय होती. पंचवार्षिक योजनांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिक्षक पाठ्यवृत्तीखाली त्याला पगारी रजा मिळे आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचे वेतनही दिले जाई. दोन-तीन वर्षे सलग हाती येत. मराठीतील कित्येक चांगले प्रबंध या रजेत लिहिले गेले. बारावी योजना 2017 साली संपली आणि त्यानंतर ही सोय पूर्वीसारखी राहिली नाही. आता त्या प्राध्यापकाने नोकरी सांभाळूनच संशोधन करावयाचे आहे. जून-जुलैत प्रवेश, मग सत्राच्या परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन, नॅकची कागदपत्रे, स्नेहसंमेलन, केंद्रीय मूल्यमापनाला बसणे, निवडणुका आल्या की निवडणुकीचे काम. उरतात त्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या. येथे स्त्री आणि पुरुष संशोधकांची वाट पुन्हा वेगळी होते. दिवाळीची सुट्टी म्हणजे फराळ, पाहुणे, भाऊबीज. मे महिना म्हणजे लग्नसराई, माहेरी किंवा सासरी आलेली मुले, पापड-कुरडया आणि वर्षाचे धान्य. महाविद्यालय बंद झाले की पुरुष प्राध्यापकाची सुट्टी सुरू होते आणि स्त्री प्राध्यापकाची संपते. दोघांनाही सारख्याच सुट्ट्या मिळतात असे सेवापुस्तकात लिहिलेले असते.

या तुटक वेळेचा प्रबंधांवर झालेला परिणाम हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. मराठी विभागांत ‘अमुक यांचे साहित्य : एक चिकित्सक अभ्यास’ किंवा ‘अमुक : व्यक्ती आणि वाङ्मय’ या धर्तीच्या विषयांचे प्रमाण मोठे आहे. पहिल्या प्रकरणात लेखकाचे चरित्र, दुसऱ्यात कालखंडाची पार्श्वभूमी, मग कथा, कादंबरी, कविता, इतर लेखन, भाषाशैली आणि अखेर मूल्यमापन, असा त्याचा आराखडा ठरून गेला आहे. या आराखड्याची चर्चासत्रांतून पुरेशी टिंगल झाली आहे. तो वैचारिक दारिद्र्याचा पुरावा मानला जातो. परंतु हा आराखडा इतका टिकून का आहे, याचा विचार केला तर त्याचा एक मोठा गुण ध्यानात येतो : तो तोडता येतो. कथेचे प्रकरण एका दिवाळीत, कादंबरीचे पुढच्या उन्हाळ्यात, कवितेचे त्यापुढच्या. मध्ये सहा महिने खंड पडला तरी धागा तुटत नाही, कारण प्रकरणांमध्ये धागा मुळातच फारसा नसतो. लागणारी पुस्तके पंधरा-वीस असतात आणि ती विकत घेऊन घरी ठेवता येतात. लेखक हयात असेल तर एक मुलाखत, नसेल तर कुटुंबीयांची भेट, एवढाच प्रवास. घराबाहेर रात्र काढण्याची पाळी सहसा येत नाही. तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळेला हा आराखडा नेमका बसतो. म्हणून तो निवडला जातो.

याच्या समोर जुन्या नियतकालिकांचा अभ्यास ठेवावा. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मासिकाच्या वीस वर्षांच्या फाईली चाळावयाच्या तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्यात आठवडेच्या आठवडे बसावे लागते. नांदेडकडच्या किंवा गडचिरोलीकडच्या संशोधकाला त्यासाठी राहण्याची सोय लागते, पैसा लागतो, आणि घरातून इतके दिवस बाहेर राहण्याची मोकळीक लागते. हस्तलिखितांवरील कामाला तर याहून अधिक. पाठचिकित्सा करणाऱ्याला पाच पोथ्यांतील पाठभेद एकाच वेळी डोक्यात वागवावे लागतात. तीन आठवड्यांचा खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बोलींचे सर्वेक्षण, दलित आणि भटक्या समाजांच्या मौखिक परंपरांचे संकलन, तमाशा किंवा दशावतार यांसारख्या प्रयोगांचे निरीक्षण या सर्वांना हंगामाचे, जत्रेचे, रात्रीचे वेळापत्रक असते, आणि ते घराच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. मराठी विभागांतून पाठचिकित्सेचे आणि मोडी दप्तरांवर आधारलेले काम का रोडावले, याची कारणे सांगताना अभ्यासक्रमातील बदल, सिद्धान्तांची आवड, मोडीचे अज्ञान यांचा उल्लेख होतो. सलग वेळेचा अभाव हे त्यांच्याइतकेच सबळ कारण आहे. जो संशोधक असे विषय घेतो त्याचे घर कोणीतरी दुसरे चालवीत असते. आणि ज्याचे घर त्याच्यावाचून चालत नाही तो एखाद्या ग्रामीण कादंबरीकाराकडे वळतो. हा सार्वत्रिक नियम नव्हे. अपवाद आहेत आणि ते आदरणीय आहेत. पण विद्याशाखेने अपवादांच्या भरवशावर चालू नये.

एका दिशेने मात्र या अडचणीतूनच मराठी संशोधनाला मोठे धन मिळाले आहे. लोकसाहित्याच्या क्षेत्रात सरोजिनी बाबर, तारा भवाळकर यांसारख्या विदुषींनी जे काम केले त्याचा एक भाग माजघरातील आणि परसदारातील सामग्रीवर उभा आहे : ओव्या, उखाणे, व्रतकथा, सणावारांची गाणी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ज्या बायकांनी गायिल्या त्यांच्या दळणाकांडणाच्या वेळेतच ते वाङ्मय जन्मले होते. घर हे केवळ संशोधनाच्या आड येणारे ठिकाण नसून संशोधनाचे क्षेत्रही असू शकते, हे या कामाने सिद्ध केले. परंतु यातून एक वेगळाच प्रघात पडू पाहतो. विवाहित स्त्री नोंदणीस आली की तिला ‘तुम्हांला सोयीचा’ म्हणून लोकगीतांचा किंवा एखाद्या लेखिकेच्या साहित्याचा विषय सुचवला जातो. सोयीचा विषय आणि आवडीचा विषय यांत अंतर असते. मध्ययुगीन महानुभाव गद्यावर काम करू इच्छिणाऱ्या स्त्रीला भोंडल्याची गाणी देणे यात सहानुभूती असली तरी न्याय नाही.

नियमांनी काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. स्त्रिया आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्याहीपुढे दोन, म्हणजे एकूण दहा वर्षे, अशी तरतूद 2022 च्या विनियमांत आहे. स्त्री संशोधकाला संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने तिला स्थलांतर करावे लागल्यास संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची मुभा आहे. नोकरी करणाऱ्यांना ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अंशकालीन नोंदणी करता येते. यांपैकी कित्येक तरतुदी 2016 पासून आहेत. त्यांची माहिती संशोधकांना आणि, खेदाने म्हणावे लागते, मार्गदर्शकांनाही कित्येकदा नसते. रजा मागण्याऐवजी बाळंतपणाच्या काळातला सहामाही अहवाल कसाबसा लिहून देणाऱ्या संशोधिका आढळतात, कारण रजा घेतली तर ‘हिच्याच्याने होणार नाही’ असे ठरेल ही भीती असते.

या विनियमांची दृष्टी बारकाईने वाचली तर तिच्यातही ऋणनिर्देशाच्या पानावरचीच समजूत आढळते. सवलत स्त्रीला आहे. मूल सांभाळणारा पुरुष, अंथरुणाला खिळलेल्या आईची एकट्याने शुश्रूषा करणारा मुलगा यांची कल्पनाच त्यांत नाही. विवाहामुळे स्थलांतर करते ती स्त्री, हेही गृहीत आहे. स्त्रीला दोन वर्षे अधिक दिल्याने तिच्यावरील भार कायदेशीर होतो, हलका होत नाही. सवलत नसावी असा याचा अर्थ मुळीच नाही. ती संगोपनाला द्यावी आणि जो कोणी संगोपन करीत असेल त्याला ती मिळावी, एवढाच मुद्दा आहे. पुरुष संशोधकाने संगोपनासाठी रजा मागितली आणि विद्यापीठाने ती दिली, अशी नोंद कागदावर येऊ लागली तर घरातही त्याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही.

विभागांच्या आणि मार्गदर्शकांच्या हाती जे आहे ते नियमांहून अधिक आहे. संशोधन सल्लागार समितीपुढील सत्रागणिक सादरीकरणाची तारीख आठ दिवस आधी कळवली जाते. ती वर्षाच्या आरंभीच ठरवण्यास कोणताही खर्च येत नाही, आणि दोनशे किलोमीटरवरून लहान मूल घेऊन येणाऱ्या संशोधिकेला तेवढ्याने पुष्कळ सोपे जाते. अभ्यासक्रमाच्या तासिका सुट्ट्यांत सलग घ्याव्यात की सत्रात शनिवार-रविवारी, हे संशोधकांना विचारून ठरवता येते. प्रबंध साडेचारशे पृष्ठांचा असलाच पाहिजे ही समजूत कोणत्या नियमातून आली हे कळत नाही. आयोगाच्या विनियमांत पृष्ठसंख्येची अट नाही. एका मासिकाची पाच वर्षे, एका पोथीच्या तीन प्रती, एका जत्रेतील एका समाजाची गाणी, असे आटोपशीर विषय मान्य होऊ लागले तर तुटक वेळेतही पद्धतशीर काम होऊ शकते. आज जुनी पुस्तके आणि नियतकालिके संगणकावर उपलब्ध होत आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने या बाबतीत चांगले काम केले आहे, आणि शोधगंगेवर अन्य विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. ठाण्याला जाण्याची गरज त्यामुळे संपली नसली तरी कमी झाली आहे. मात्र विषय मंजूर करणाऱ्या समित्या अजूनही विस्तारालाच खोली मानतात. ‘विषय फार लहान आहे’ हा शेरा जितक्या सहजपणे मारला जातो तितक्या सहजपणे ‘विषय फार मोठा आहे’ हा मारला जात नाही.

मार्गदर्शकांच्या बाबतीत एक अप्रिय गोष्टही नोंदवावयास हवी. संशोधकाने आपल्या घरातून ओढून काढलेला वेळ मार्गदर्शकाच्या कामात खर्ची पडणे हा प्रकार अपवादात्मक नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, चर्चासत्राची व्यवस्था, पाहुण्यांना स्थानकावरून आणणे, कधी मार्गदर्शकांच्या घरचे कार्य. यास गुरुसेवा असे जुने आणि भारदस्त नाव आहे. घरचे लोक हे पाहत असतात; अभ्यासासाठी म्हणून दिलेला रविवार मंगल कार्यालयात गेला हे त्यांना समजते, आणि पुढचा रविवार मागताना संशोधकाचा आवाज खाली आलेला असतो.

संशोधकाच्या घरगुती अडचणींचा विचार करू लागले तर दर्जाशी तडजोड होईल, असा आक्षेप या सर्व विवेचनावर घेतला जाईल. तडजोड आजच होते आहे आणि ती मुकाट्याने होते. अवतरणांनी फुगवलेली प्रकरणे, एकमेकींची प्रतिबिंबे असलेल्या प्रस्तावना, पैसे देऊन लिहवून घेतलेली पाने यांचा उगम केवळ अप्रामाणिकपणात शोधला जातो. त्यांतील काही भाग निश्चितच अप्रामाणिकपणाचा आहे आणि तो क्षम्य नाही. परंतु सहाव्या वर्षाच्या अखेरीस, मुलगी दहावीला असताना आणि बढतीची फाईल अडकलेली असताना, दोन महिन्यांत तीन प्रकरणे लिहिणे भाग पडलेला प्रामाणिक माणूसही वेगळे काही लिहू शकत नाही.

मौखिक परीक्षेच्या दिवशी हे घर प्रथमच विभागात येते. परीक्षा खुली असते, त्यामुळे मागच्या बाकांवर पत्नी किंवा पती, मुले, कधी नव्याकोऱ्या धोतरातले वडील बसलेले दिसतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि परीक्षकांसह सर्वांचे भोजन हा खर्च संशोधकाच्या घरातून होतो. कोणत्याही नियमात तो सांगितलेला नाही आणि कोणताही विभाग तो घेऊ नये असे लेखी कळवीत नाही. प्रश्नोत्तरांच्या अखेरीस पुढील संशोधनाचा मानस काय, असे परीक्षक विचारतात. संशोधक एखादा विषय सांगतो, अध्यक्ष समाधान व्यक्त करतात. मागच्या बाकावर तो विषय कोणी फारशा गांभीर्याने घेत नाही. तेथे बसलेल्यांनी वेळ दिला होता तो पदवीपुरता, आणि त्याची मुदत त्या दिवशी संपलेली असते. मराठीतील बहुसंख्य प्राध्यापकांचे सलग असे शेवटचे संशोधन त्यांचा प्रबंध हेच का असते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बाकावर मिळते.